तीन मोडक्या पियानोंचा एक

पियानो आतून पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी पायातल्या चपला काढल्या होत्या. कोणी सांगितलं नव्हतं. अण्णांनी पुढची फळी उचलून भिंतीला टेकवली आणि आतलं सगळं एकदम समोर आलं. सोनेरी रंग दिलेला लोखंडाचा भलाथोरला सांगाडा, त्यावर वरपासून खालपर्यंत ताणलेल्या ताराच तारा, आणि त्यांच्यासमोर प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या शाळेतल्या मुलींसारख्या रांगेत लाकडी हातोड्या. गाभाऱ्यासमोर आल्यावर होतं तसं पाय आपोआप चपलांबाहेर आले. फ्रेझर टाउनमधल्या त्या घरात सगळे बूट घालूनच वावरत. घराच्या मालकीणबाई माझ्या अनवाणी पायांकडे जरा वेळ बघत राहिल्या आणि मग, का कोण जाणे, त्यांनीही आपल्या सपाता काढून ठेवल्या.

अण्णा म्हणजे माझे सासरे. घरात, दुकानात, गल्लीत सगळे त्यांना अण्णाच म्हणत, म्हणून मीही. त्यांच्या वडिलांनी मिरजेहून येऊन बेंगळूरच्या बळेपेटेत हार्मोनियमचं दुकान टाकलं होतं. मी बेळगावची, कानडी मला नवी नव्हती. पण 'स्वल्प मीठ घाल' आणि 'बरं'च्या जागी 'सरी, निघतो' हे अस्सल मिरजेच्या हेलात ऐकून मला सुरुवातीला पदराआड हसावं लागायचं. पन्नासच्या दशकाचा मध्य असेल. बेळगाव तेव्हा मुंबई राज्यात होतं आणि बेंगळूर म्हैसूरमध्ये, त्यामुळे माझी आई मला परराज्यात दिली म्हणून चांगली मोठ्यानं रडली होती.

मला पसंत केलं ते अण्णांनी. मुलगी दाखवायच्या कार्यक्रमात गाणं म्हणून दाखवायची मी जय्यत तयारी केली होती. अण्णांनी गाऊच दिलं नाही. आमच्याच घरचा तंबोरा खुंटीवरून काढायला लावला, चारही तारा स्वतः उतरवून टाकल्या आणि तो माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "लाव बघू." मी लावला. ते डोळे मिटून ऐकत बसले, मग उठले आणि माझ्या वडिलांना म्हणाले, "कान बघितला पोरीचा. बास झालं." नवऱ्यामुलाला कोणी काही विचारलं नाही. तो टेलिफोनच्या कारखान्यात टर्नर होता आणि सुरांच्या बाबतीत देवानं त्याला अगदी कोरा ठेवला होता. घराण्याचा कान सुनेच्या रूपानं बाहेरून आणावा लागला, असं मी त्याला पुढे आयुष्यभर चिडवत आले.

आमच्या दुकानाचा एक नियम होता. गिऱ्हाईक पेटी घेऊन आलं की अण्णा आधी विचारत, "तुमचा षड्ज कुठला?" म्हणजे तुम्ही कुठल्या पट्टीत गाता. कोणी पांढरी एक सांगे, कोणी काळी पाच. मग त्या पट्टीला सा धरून अण्णा पेटीचे बाकीचे स्वर लावून देत. हार्मोनियमच्या पोटात वाजतात त्या पितळेच्या छोट्या जिभा परदेशातून येत, आणि अण्णांच्या मते त्या सगळ्या बेसूर असत. "गोऱ्याचा गांधार चढा असतोय," ते म्हणत, "त्याला काय करणार? त्याच्याकडं तंबोरा न्हाई." तंबोऱ्याचा खर्ज छेडला की त्याच्या गुंजनातून, कोणी न वाजवता, आपोआप एक गांधार उमटतो. अण्णांचं दैवत तो गांधार होता. कानस घेऊन ते एकेक जीभ घासत बसत, ती तंबोऱ्यातल्या त्या गांधारात विरघळून जाईपर्यंत.

साहेब लोक गेले आणि जाताना पियानो मागे ठेवून गेले. बोटीत न्यायला जड, इथे घ्यायला कोणी नाही. कँटोन्मेंटमधल्या लिलावाच्या आवारात आणि शिवाजीनगरच्या गुजरीत, म्हणजे जुन्यापान्या सामानाच्या बाजारात, पियानो उन्हात उभे असत. एकाच्या झाकणावर कोथिंबिरीच्या जुड्या मांडलेल्या मी पाहिल्या आहेत. अण्णा ते फोडण्यासाठी विकत घेत. लाकूड जुनं, मुरलेलं. त्याच्या हार्मोनियमच्या पेट्या फार सुरेख होत. तारा, खुंट्या, हातोड्या काढून एका खोक्यात टाकलेल्या असत, कारण आमच्या घरात खिळासुद्धा फेकायची पद्धत नव्हती.

त्या खोक्यापाशी एक दिवस मिसबाई येऊन उभ्या राहिल्या. गुडघ्याखाली पोचणारा फुलाफुलांचा झगा, डोक्यावर हॅट, हातात पुरुषी छत्री. कँटोन्मेंटपलीकडे फ्रेझर टाउनमध्ये राहत आणि अँग्लो-इंडियन मुलांना पियानो शिकवत; मुलं 'मिस' म्हणत, म्हणून आमच्या त्या मिसबाई. त्यांची हिंदुस्तानी मोडकी, आमची त्याहून मोडकी, त्यामुळे उत्तम जमलं. खोक्यातली एक हातोडी उचलून, तिच्या डोक्यावरचा लोकरीचा नमदा अंगठ्यानं दाबून बघत त्या म्हणाल्या, "ये अच्छा है. हमारा तो कीड़ा खा गया."

हळूहळू सगळं समजलं. नवरा रेल्वेत होता, दोन वर्षं अंथरुणाला खिळून गेला. त्या दोन वर्षांत पियानो उघडायलासुद्धा त्यांना फुरसत झाली नाही. कसरीनं हातोड्यांचा नमदा खाल्ला, तारा गंजून तुटायला लागल्या, शिकायला येणारी मुलं दुसरीकडे गेली. एकुलती एक मुलगी टायपिस्ट होती, ती जानेवारीत विलायतेला निघाली होती, कायमची. तिनं आईचंही बोटीचं तिकीट काढून ठेवलं होतं. आईला जायचं नव्हतं. शेवटी मायलेकींत ठरलं होतं ते असं: नाताळात पियानो वाजला आणि मुलं शिकायला परत आली, म्हणजे ममीच्या पोटापाण्याची सोय झाली, तर ममी राहील. नाहीतर ममी बोटीत बसेल.

"उधर हमारा कौन है?" मिसबाई अण्णांना म्हणाल्या. "इधर हमारा आदमी सोता है कब्रिस्तान में. इधर हमारा चर्च है. हमारा मच्छीवाला है."

त्या मच्छीवाल्यानं मी पुरती विरघळले. आई सोडून आलेल्या मला घर सोडणं म्हणजे काय ते कळत होतं. माझा तर फक्त भाजीवाला बदलला होता. अण्णांनी आजवर पियानो फक्त फोडले होते, जोडला एकही नव्हता. पण ते खोक्याकडे बघत म्हणाले, "तारा हायत, हातोड्या हायत. बघू की." आणि मग माझ्याकडे बघून, "तू येतीस काय गं बरोबर? वरचे सूर मला आता नीट ऐकू येईनात."

म्हणून आम्ही दोघं जटक्यातून फ्रेझर टाउनला जायला लागलो. जटका म्हणजे इथली घोडागाडी. सासरा आणि सून शेजारी शेजारी बसून निघालेली, मध्ये हत्यारांची पिशवी. गल्लीतल्या बायकांना आठवडाभर पुरेल एवढा विषय आम्ही दिला.

मिसबाईंच्या पियानोचं लाकूड शाबूत होतं, लोखंडी सांगाडा शाबूत होता, बाकी सगळा आनंद. त्याला जगवायला दोन पियानो मरायला हवे होते. एक आमच्याकडे आधीच होता, सोल्जरांच्या मेसमधला. त्याच्यावर इतकी वर्षं बिअर सांडली होती की पट्ट्या दाबल्या तर वर येत नसत, पण हातोड्यांना कसर लागलेली नव्हती. कसरीलाही बिअरचा वास आवडत नसावा. दुसरा अण्णांनी चिकमगळूरकडच्या एका कॉफीच्या मळ्यावरून आणवला. तिथे बंगल्याच्या मागच्या पडवीत त्याच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. लाकूड ओलीनं फुगून भाकरीसारखं सुटलं होतं, पण खालच्या सुरांच्या जाड तारा, ज्यांच्यावर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली असते, त्या पुसल्यावर नव्यासारख्या निघाल्या. कोंबड्यांनी त्यांना काहीही केलं नव्हतं.

ह्या तिघांची मोट बांधायची म्हणजे काय ते मला पहिल्याच दिवशी कळलं. जुन्या तारा उतरवताना एक गंजकी तार तुटली आणि माझ्या कानाजवळून सण्ण करत जाऊन भिंतीचा गिलावा उडवून गेली. मी हात लावून कान जागेवर आहे ना ते बघितलं. अण्णा पांढरे पडले. मग त्यांनी उरलेल्या तारांकडे नीट बघितलं, आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. "ही एक तार अशी," ते म्हणाले. "अशा दोनशेवर हायत. हे सगळं ओढ खात उभं हाय बघ, साठ-सत्तर वर्षं. आणि खोलीत बसलेल्या माणसाला पत्ता न्हाई." दिवाणखान्याच्या कोपऱ्यात, वर फुलदाणी आणि नवऱ्याचा फोटो ठेवलेलं ते शांत कपाट. त्याच्या पोटात केवढा जोर रात्रंदिवस धरून ठेवलेला होता! मी त्या दिवशी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "लोखंड बीड असणार, ओतीव." एवढंच म्हणाला. मला त्याचा राग आला.

सुटे भाग एकमेकांना मानत नव्हते. मेसमधल्या हातोड्यांच्या दांड्या लांब होत्या. प्रत्येक दांडी कापून, सरस लावून, पुन्हा बसवावी लागली. अण्णा कापत, मी सरस ढवळत असे, मिसबाई प्रत्येक हातोडी तारेवर बरोबर मध्यावर पडते का ते बघत. तारा ताणून धरणाऱ्या खुंट्यांची तर वेगळीच कथा. मिसबाईंच्या पियानोतली खुंट्यांची भोकं सैल झाली होती, तार चढवली की खुंटी हळूच मागे फिरे. अण्णा दोन दिवस डोकं धरून बसले. मग त्यांनी मेसमधल्या पियानोची एक खुंटी सहज घालून बघितली. ती केसभर जाड होती. करकरत आत गेली आणि बसली ती बसलीच. अण्णांनी वळून माझ्याकडे बघितलं. त्या माणसाच्या चेहऱ्यावर असं हसू मी नंतर फक्त नातू झाल्यावर पाहिलं. कुठल्या तरी देशात, कुठल्या तरी दोन वेगळ्या कारखान्यांत केलेल्या त्या वस्तू. एकाचा सैलपणा आणि दुसऱ्याचा जाडपणा फ्रेझर टाउनच्या एका दिवाणखान्यात येऊन असा भेटावा, हे मला आजही खरं वाटत नाही.

आणि तारा लावणं. पियानोच्या वरच्या सुरांत एका पट्टीला तीन तारा असतात. तिन्ही अगदी एक झाल्या पाहिजेत. दोन तारा जरा वेगळ्या असल्या की आवाजात एक लहर येते, वॉंव वॉंव वॉंव अशी. खुंटी फिरवत जावं तशी ती लहर मंदावते, लांबते, आणि मग थांबते. थांबते त्या क्षणी तीन तारांच्या जागी एकच काहीतरी वाजायला लागतं, आणि ते तिन्हींपेक्षा मोठं असतं. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. तंबोरा मी लहानपणापासून लावत आले होते, पण हा एवढा मोठा आवाज माझ्या मनगटातून निघाला ह्यावर माझा विश्वासच बसेना. मी तीच पट्टी परत परत वाजवत राहिले. शेवटी अण्णा म्हणाले, "बास की गं, पुढं चल, अजून पंच्याऐंशी हायत."

तारा लावायला सुरुवात करण्यापूर्वी अण्णांनी नियमाप्रमाणे विचारलं होतं, "तुमचा षड्ज कुठला?" मिसबाईंना प्रश्न नीटसा उमगला नाही. मी समजावून सांगितलं, म्हणजे तुमची सुरुवात कुठून होते? तेव्हा त्यांनी न अडखळता पियानोच्या मधोमधची एक पांढरी पट्टी दाखवली. प्रत्येक मुलाला पहिल्या दिवशी त्याच पट्टीवर बोट ठेवायला शिकवतात, म्हणाल्या. ती आमची पांढरी एक. अण्णा खूश झाले. आम्ही बळेपेटेतून तंबोरा आणला, पांढरी एकला जुळवला, आणि त्या सबंध पियानोचे स्वर अण्णांनी तंबोऱ्यावर लावून घेतले. एकेक गांधार, एकेक धैवत, शुद्ध, कणभर इकडे नाही, कणभर तिकडे नाही. "एवढ्या लांब येऊन बिचाऱ्याला पहिल्यांदा सुरात यायला मिळतंय," अण्णा पियानोच्या पाठीवर थाप मारून म्हणाले.

नाताळ आठवड्यावर आला तेव्हा मिसबाईंनी मुलीला अर्धी रजा काढून घरी बोलावलं. मुलगी उंच, नीटनेटकी, थकलेली. आमच्याशी फार सभ्यपणे बोलली. मिसबाई स्टुलावर बसल्या, हात पुसले, आणि पांढरी एकपासून सुरू होणारे तीन स्वर, सा ग प, एकदम दाबले.

तसा आवाज मी त्यापूर्वी ऐकला नव्हता. तीन स्वर वाजत होते आणि त्यांच्यात कुठेही फट नव्हती. ना लहर, ना खरखर. नुसता एक स्थिर उजेडच खोलीत पसरल्यासारखा झाला. मिसबाईंनी पट्ट्या सोडल्या नाहीत. सूर विझत विझत पार संपेपर्यंत त्या तशाच बसून राहिल्या, आणि मग त्यांनी वळून अण्णांकडे बघितलं. पन्नास वर्षं पियानो वाजवतेय, त्या इंग्रजीत म्हणाल्या, माझ्या हातून असा आवाज कधी निघाला नाही. अण्णांना इंग्रजी येत नव्हतं, पण कळलं. ते खाली मान घालून मिशीतल्या मिशीत हसत होते.

मग मिसबाईंनी नाताळचं एक गाणं सुरू केलं. ते गाणं पांढरी दोनपासून सुरू होणारं होतं. पहिलाच ठोका पडला आणि तीन कुत्री एकदम विव्हळावीत तसा आवाज आला. त्यांनी हात उचलले, पुन्हा ठेवले. पुन्हा तेच. काळी एकपासून वाजवून बघितलं. तिथे त्याहून वाईट.

मुलगी उठून आईच्या मागे जाऊन उभी राहिली. तिनं खांद्यावर हात ठेवला आणि हळू म्हणाली, "राहू दे, ममी." ती जिंकली होती आणि तिला मुळीच आनंद झाला नव्हता. तिचा चेहरा बघून मला रडू यायला लागलं. पियानो वाजत नाही म्हटल्यावर भांडायलासुद्धा काही उरलं नव्हतं.

जटक्यात अण्णा अर्ध्या रस्त्यापर्यंत बोटांवर स्वर मोजत होते. मग म्हणाले, "रिषभाला षड्ज केलं की धैवतानं पंचम व्हायला पायजे. तो होत न्हाई. उतरा हाय."

"हो," मी म्हटलं.

"मग ह्यांचा षड्ज कुठला म्हणायचा?"

"अण्णा, त्यांचा सगळाच षड्ज. आज हा, उद्या तो. एकाच गाण्यात मध्येच बदलतात."

अण्णांनी असं बघितलं माझ्याकडे, की जणू मी म्हटलं, त्यांच्यात बायका रोज नवरा बदलतात. आमच्याकडे षड्ज एकदा लावला की मैफल संपेपर्यंत तो हलत नाही. त्याच्या आधारानंच तर बाकी सगळे उभे असतात. आपण चूक कुठे केली ते दोघांनाही स्पष्ट दिसत होतं. सुधारायची कशी ते मात्र कळत नव्हतं. असा कुठला गांधार असेल जो बाराही घरांत नांदेल? मिसबाईंना वाजवता येत होतं, लावता येत नव्हतं. पूर्वी वर्षातून एकदा मद्रासहून कोणी येऊन लावून जाई, तो माणूस आता हयात नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुकान झाडताना मला बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा दिसला आणि मी केरसुणी टाकून खाली बसले. एका चर्चनं मोडीत काढलेला पायपेटीचा सांगाडा अण्णांनी पूर्वी घेतला होता, आणि त्यातल्या पितळी जिभा त्या डब्यात होत्या. अजून न घासलेल्या. ज्या चढ्या गांधाराला अण्णा आयुष्यभर कानस लावत आले तो गोऱ्याचा गांधार, जसाच्या तसा.

छोट्या भात्यावर मी त्या जिभा एकेक करून वाजवून बघितल्या. गांधार चढाच होता. पंचम किंचित उतरा. आजवर मी त्याला बेसूर म्हणून हसत आले होते. पण आता मी दोन दोन जिभा मिळून वाजवल्या. आधी पांढरी एकचा पंचम, मग पांढरी दोनचा, मग काळ्या पट्ट्यांचा, असं करत सगळ्या बारा. प्रत्येक जोडीत तेवढीच, अगदी तेवढीच, मंद लहर होती. कोणीही पूर्ण सुरात नव्हतं आणि कोणीही विव्हळत नव्हतं. प्रत्येक स्वरानं आपला थोडासा हट्ट सोडला होता, म्हणून बारापैकी कोणालाही षड्जाच्या पाटावर बसता येत होतं. हे कोणीतरी मुद्दाम, विचार करून केलेलं होतं! आणि आम्ही दोन पिढ्या बळेपेटेत बसून त्याला अडाण्याची चूक म्हणत घासून टाकत होतो. मी किती वेळ तशी बसले होते कोण जाणे. सगळ्या एकत्र कुटुंबांनी येऊन ऐकावा असा तो डबा होता.

मी अण्णांना ऐकवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दोनदा, आणि म्हणाले, "बरोबर हाय तुझं." डबा माझ्याकडे सरकवून म्हणाले, "पण मी न्हाई हात लावणार. मी लावलेला गांधार मीच बिघडवू काय? तू कर जा."

तसं मग मी केलं. मिसबाईंच्या दिवाणखान्यात एका बाजूला भाता आणि पितळी जिभा, दुसऱ्या बाजूला पियानो, आणि मध्ये मी, पदर खोचून. अण्णा बरोबर आले, पण बाहेरच्या पायरीवर पाठ करून बसले. गांधाराची खुंटी मी चढवली तेव्हा त्यांच्या मानेची शीर हललेली मला खिडकीतून दिसली. मिसबाई त्यांच्यासाठी चहा घेऊन गेल्या आणि त्याच पायरीवर, त्यांच्यापासून अदबीनं अंतर ठेवून, बसून राहिल्या. दोघांची भाषा एक नव्हती. आत मी दोन दिवस तो शुद्ध उजेड थोडा थोडा कमी करत होते.

नाताळच्या आदल्या दिवशी मिसबाई परत वाजवायला बसल्या. सा ग प वाजले. तो पहिला आवाज गेला होता. ह्यात बारीकशी थरथर होती. त्यांना ती जाणवली, मला जाणवली. मग त्यांनी पांढरी दोनचं गाणं सुरू केलं. ते उभं राहिलं. मग काळी एक, मग पांढरी तीन, मग कुठून कुठे गेल्या मला समजेना. प्रत्येक वेळी मी षड्ज पकडायला जावं तर त्यांनी तो उचलून पुढे नेलेला. पायाखालची जमीन सरकत होती आणि तरी मी पडत नव्हते. अण्णा कधी आत येऊन दाराला टेकून उभे राहिले ते मला कळलं नाही. त्यांच्या डोळ्यांतून सरळ पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांच्या लक्षात आलेलं नव्हतं. मिसबाईंची मुलगी खुर्चीवर बसून ऐकत होती. गाणं संपल्यावर तिनं पर्समधून रुमाल काढून नाक पुसलं आणि म्हणाली, तुझं तिकीट मी नाताळ झाल्या झाल्या परत करून टाकते.

मुलंही आली. नव्या वर्षात आधी दोघी बहिणी आल्या, मग त्यांच्या शेजारची, मग चर्चमधल्या बायकांनी आपापली पाठवली. पियानोचा तो चमत्कार बघायला मोठी माणसंसुद्धा येत आणि हातोड्यांना बिअरचा वास येतो का ते वाकून बघत. येत असेही, दमट दिवशी. मला मनातून फार गर्व झाला होता. मिसबाई राहिल्या, आम्ही त्यांना ठेवून घेतलं होतं.

बदललेल्या तारा पहिले काही महिने ढिल्या पडतात, म्हणून जानेवारीतही मी अधूनमधून जाऊन त्या पुन्हा लावून येई. अशीच एका दुपारी गेले, तर फाटकाशी टॅक्सी उभी होती आणि व्हरांड्यात ट्रंका. मुलीची मुंबईची गाडी त्या दिवशीची होती, हे मला माहीत नव्हतं. मी परत फिरायला लागले तेव्हा मिसबाईंनीच मला हाताला धरून आत नेलं. "तुम काम करो," म्हणाल्या. त्या स्टेशनवर जाणार नव्हत्या. चर्चमधल्या दोघीतिघी तिकडे परस्पर जमणार होत्या.

मी पियानोची फळी काढली आणि पाठ करून वरच्या सुरांतली एक पट्टी वाजवायला लागले. मागे मायलेकी एकमेकींना धरून उभ्या होत्या. त्या काय बोलल्या ते मी ऐकलं नाही. ऐकू येऊ नये म्हणून जोरजोरात पट्टी मारत होते. मग मुलीचे बूट व्हरांड्यातून खाली उतरले. ट्रंका चढल्या. मिसबाई येऊन स्टुलावर माझ्या शेजारी बसल्या.

मी हात थांबवला. म्हटलं, निदान फाटकापर्यंत तरी जाऊन या.

त्या समोर तारांकडे बघत होत्या. "तुम बंद नहीं करना," त्या म्हणाल्या. "बंद करेगा तो हम उठ जाएगा."

बाहेर टॅक्सीचं इंजिन सुरू झालं. मी पट्टी मारली, पुन्हा मारली. ते तिकीट परत होईपर्यंत मी फक्त एकीच्या बाजूनं लढले होते, आणि ह्या तारा, ह्या खुंट्या, हे सगळं जोडताना आम्ही काय तोडलं ते मला आत्ता कळत होतं. त्या पट्टीच्या तिन्ही तारा केव्हाच एक झाल्या होत्या, लावायला काही उरलं नव्हतं. टॅक्सीचा आवाज कोपऱ्यावरून वळला, लांब गेला, पार नाहीसा झाला, तरी मी तोच सूर वाजवत राहिले, कारण मिसबाई दोन्ही हातांनी स्टुलाच्या कडा घट्ट धरून अजून बसलेल्याच होत्या.